अंदाजाचा दंड भरायचा नाही



गेल्या सप्टेंबरातल्या एका रविवारी नालासोपाऱ्याच्या विहारात आमचा अभ्यासवर्ग होता. विषय मूलभूत अधिकारांचा. कलम १४ वाचून झाले आणि वर्गातला एक पोरगा मोबाईल हातात घेऊन उभा राहिला. तो टेम्पो चालवतो. म्हणाला, "दादा, कायद्यापुढे समानता वगैरे सगळं बरोबर आहे. पण हे दोन हजार मी भरू का नको, तेवढं सांगा."

मेसेज अतिवेगाच्या ई-चलानचा होता. नोंदलेला वेग ९४, मर्यादा ८०, दंड २००० रुपये. खरे तर मेसेज त्याला थेट आलाच नव्हता. टेम्पो जुना घेतलेला, आरटीओच्या नोंदीत पहिल्या मालकाचा मोबाईल नंबर तसाच राहिलेला. त्या माणसाने महिन्याभराने पुढे पाठवला तेव्हा कळले. हा टेम्पो वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमधून माल उचलतो आणि भिवंडी, बोईसर, कधी वापीपर्यंत सोडतो. हप्ता, डिझेल आणि हमालांचे पैसे गेल्यावर हातात जे उरते त्यात दोन हजार म्हणजे घरातला आठवड्याभराचा बाजार. गाडीला वेगनियंत्रक बसवलेला आहे. पाय कितीही दाबला तरी ८० च्या पुढे गाडी जात नाही, असे पोरगा परत परत सांगत होता. (चलान महामार्गावरचे होते. चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीला जाणाऱ्या रस्त्यावर कोणी ९४ चा वेग गाठला असता, तर आम्ही विहारात त्याचा सत्कार ठेवला असता.)

वर्गात लगेच दोन बाजू पडल्या. वयस्कर मंडळी म्हणाली, भरून टाक, वर्दीशी कोण भांडणार, कोर्टाच्या एका खेपेत तेवढा रोज बुडतो. तरुण म्हणाले, हे सगळे मुद्दाम आहे, काचेवर 'जय भीम' लिहिलेय म्हणून आपलीच गाडी दिसते यांना.

आम्हाला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. काचेवरची अक्षरे पाहून कोणाचा हात वर होत नाही, असा आमचा दावा नाही. रस्त्यात अडवून केलेल्या कारवाईत काय काय होते ते आपण सगळे जाणतो. पण हे चलान कोणी अडवून दिलेले नव्हते. चारशे मीटरवरून काचेवरचे 'जय भीम' वाचता येत नाही. ज्या ठिकाणी जात सिद्ध करता येणार नाही त्या ठिकाणी जातीचा आरोप करून आपण आपलाच शब्द स्वस्त करतो, आणि मग जिथे तो खरा असतो तिथे कोणी ऐकत नाही. इथे विचारायचा प्रश्न वेगळा होता. वेग कोणी मोजला, कशाने मोजला, आणि मोजला तो याच टेम्पोचा कशावरून?

कोणत्या पथकाने हे चलान लावले ते इथे लिहीत नाही. प्रकरण कोर्टात आहे, आणि आमचे भांडण मोजणीशी आहे, कोणा हवालदाराशी नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम १८३. त्यातले दंडाचे पोटकलम सगळ्यांना तोंडपाठ असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २००० ते ४०००. पण तिसरे पोटकलम फारसे कोणी वाचत नाही. त्याचा आशय असा की, एकाच साक्षीदाराने 'माझ्या मते ही गाडी मर्यादेपेक्षा जोरात होती' असे सांगितले, तर तेवढ्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत एखाद्या यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेल्या मोजणीवर आधारलेले आहे हे दाखवावे लागते.

मित्रहो, हे पोटकलम दोनदा वाचा. इथे कायदा वर्दीतल्या माणसाच्या नुसत्या नजरेला पुरावा मानायला नकार देतो. आपल्या आज्या-पणज्यांना आयुष्यभर नजरेनेच मोजले गेले. बोली ऐकली, कपडे पाहिले, राहण्याची जागा विचारली, आणि पाहणाऱ्याने ठरवून टाकले. त्याला पुरावा विचारायची सोय नव्हती. 'मला वाटले' एवढे पुरत असे. म्हणून 'मला वाटले' पुरेसे नाही असे सांगणारे कलम, ते वाहतुकीच्या कायद्यात का असेना, आमच्या लेखी मोलाचे आहे.

वसईच्या मासळीबाजारात मावशी बांगड्यांचा वाटा नजरेने लावते. आपण म्हणतो दोन वाढव, ती एक टाकते, व्यवहार होतो. तिथे नजर चालते, कारण नाही म्हणून पुढच्या पाटीकडे जायची मोकळीक दोघांनाही असते. दंडाच्या बाबतीत ती मोकळीक नसते. म्हणून दंड वाट्याने लावता येत नाही, काट्यानेच मोजावा लागतो. आणि काटा म्हटला की काट्यावरचा शिक्का आला. रेशन दुकानातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, ताजा आहे का, हे पाहायला आपल्या वस्तीतल्या बाया केव्हाच शिकल्या. पाच किलो तांदळाला जो प्रश्न आपण विचारतो, तो दोन हजार रुपयांना का विचारू नये?

वेग मोजतात कसा, हे समजून घ्यायला आम्हाला दोन रविवार लागले. आमच्यातल्या एका विज्ञानशिक्षकाने फळ्यावर मांडले म्हणून जमले. जितके समजले तितके सांगतो.

सगळ्यात जुनी रीत म्हणजे रस्त्यावर दोन खुणा करायच्या आणि घड्याळ लावायचे. १०० मीटरचे अंतर ८० च्या वेगाने साडेचार सेकंदांत कापले जाते. बटण दाबायला तीन दशांश सेकंद इकडेतिकडे झाले की तीच गाडी ८६ वर जाते किंवा ७५ वर येते. डोळा आणि बोट यांच्यामध्ये एवढी ढिलाई असतेच.

दुसरी रीत रडारची. नायगाव स्टेशनच्या फलाटावर उभे असताना फास्ट लोकल भोंगा वाजवत आली की आवाज चढा ऐकू येतो, समोरून निघून गेली की उतरतो. गाडी येत असताना लहरी दाबल्या जातात, जाताना ताणल्या जातात. रडारची बंदूक हेच आवाजाऐवजी रेडिओ लहरीने करते. येणाऱ्या गाडीवर आपटून परतलेल्या लहरीची वारंवारता किती चढली ते मोजायचे आणि त्यावरून वेग काढायचा. २४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या यंत्रात ८० च्या वेगाला साधारण साडेतीन हजार हर्ट्झचा फरक पडतो. हे गणित पक्के आहे, त्यात वाद घालू नका. वाद झोताच्या रुंदीचा आहे. बारा अंशांचा झोत ३०० मीटरवर जाईपर्यंत साठ मीटरच्या आसपास पसरतो. त्यात आपला टेम्पोही येतो, बाजूने कापत जाणारी गाडीही येते आणि मागचा मोठा कंटेनरही. यंत्र आकडा देते. तो आकडा यातल्या कोणाचा, हे यंत्र चालवणाऱ्याला ठरवावे लागते.

तिसरी रीत लेझरची. महामार्गावर उभ्या असलेल्या इंटरसेप्टर गाड्यांमध्ये ही बंदूक असते. न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठोके गाडीवर मारायचे आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. ३०० मीटरवरच्या गाडीला भेटून परत यायला त्याला दोन मायक्रोसेकंद लागतात. असे पुष्कळ ठोके लागोपाठ मारले की अंतर कसे घटत गेले ते कळते, आणि तोच वेग. लेझरचा झोत अरुंद असतो. साधारण तीन मिलिरेडियन धरा, म्हणजे १०० मीटरवर ३० सेंटिमीटर आणि ४०० मीटरवर १२० सेंटिमीटर. नेम धरला तर एकच गाडी पकडता येते, म्हणून ही बंदूक रडारपेक्षा बरी. पण 'नेम धरला तर' यातच सगळे आले. हात अर्ध्या अंशाने हलला तर ४०० मीटरवर झोत साडेतीन मीटर सरकतो. साडेतीन मीटर म्हणजे महामार्गाची एक आख्खी लेन.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण व्हॉट्सॲपवर तो फार फिरतो. 'पोलीस रस्त्याच्या कडेला तिरके उभे होते, म्हणून वेग जास्त आला' असे कोर्टात सांगू नका, हसे होईल. तिरके उभे राहिल्याने आकडा कमी येतो. गाडी ८० ने जात असेल आणि कोन वीस अंशांचा असेल तर यंत्र ७५ दाखवते. तिरका कोन चालकाच्या फायद्याचा असतो. लेझरमध्ये धोका वेगळा आहे. नेम गाडीच्या अंगावरून घसरत गेला, समजा काचेवरून पुढच्या बंपरवर आला, तर मधले अंतर वेगात मिसळू शकते. चांगली यंत्रे असे डळमळीत मोजमाप बाद करतात. आपल्या चलानचे यंत्र चांगले होते की नाही, हे कागद सांगतो.

तर तो फोटो. संकेतस्थळावरून आम्ही उतरवून घेतला आणि मोठा करून पाहिला. टेम्पो मधल्या लेनमध्ये, नंबर स्वच्छ दिसतो. उजव्या कडेला एका पांढऱ्या मोटारीचे नाक आणि अर्धे बोनेट. ती मोटार टेम्पोला मागे टाकत होती हे शेंबडे पोरही सांगेल. अंतर चारशे मीटरच्या वर. नेमाची खूण फोटोत कुठेही नाही. आमचे म्हणणे असे की यंत्र कदाचित खोटे बोललेच नसेल. कोणीतरी ९४ ने जात होते. पण तो टेम्पोच, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही.

ऑनलाईन तक्रार केली. आठवड्याभरात एका ओळीत ती नामंजूर झाली. मग लोकअदालतीची नोटीस आली. तिथल्या गर्दीत पोराला सगळ्यांनी एकच सल्ला दिला, तडजोड कर आणि मोकळा हो. इथे आपल्या लोकांची मोठी फसगत होते, फसवणारा कोणी नसतानाही. लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे, तडजोडीला दोन्ही बाजूंची संमती लागते, आणि एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही. ई-चलानचे पैसे भरणे हीसुद्धा कलम २०० खालची तडजोडच आहे. पैसे भरून नंतर 'माझी चूक नव्हती' म्हणायला जागा उरत नाही. चूक केली असेल तर हा रस्ता सोपा आणि योग्य आहे. चूक केली नसेल तर तिथे सही करायची नाही, 'मला कोर्टात म्हणणे मांडायचे आहे' एवढेच सांगायचे. पोराने तसे सांगितले. घाबरला होता, पण सांगितले.

आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. अर्जात काय मागितले ते सविस्तर सांगतो, कारण या विषयात हत्यार हेच आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. स्पीड गन, स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, पोलिसांच्या अंगावरचा कॅमेरा, हे सगळे त्यात येते. उपकरण अचूक आहे आणि नीट चालते असे राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नवे करावे लागते. देखरेखीच्या टप्प्याआधी इशाऱ्याचा फलक लागतो. चलानची सूचना गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत पाठवावी लागते. नोंद प्रकरण निकाली लागेपर्यंत जपून ठेवावी लागते. फोटो, उपकरणाने केलेले मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण, हे सगळे सोबत लागते. आम्ही उपकरणाचा क्रमांक आणि त्या तारखेला लागू असलेल्या प्रमाणपत्राची प्रत मागितली.

रडारच्या यंत्रांसाठी आणखी एक गोष्ट झाली आहे. १ जुलै २०२५ पासून वैधमापनाचे नवे नियम लागू झाले. वाहनाचा वेग मोजणाऱ्या रडारची तपासणी आणि मुद्रांकन झाल्याशिवाय ते वापरायचे नाही. म्हणजे रेशनच्या काट्याला जो शिक्का लागतो, तो आता या यंत्रालाही लागतो. किराणा दुकानदाराला पिढ्यान्पिढ्या लागू असलेली गोष्ट यंत्र हातात घेतलेल्या सरकारला २०२५ मध्ये लागू झाली. उशिरा का होईना, झाली हे बरे. यंत्र रडारचे की लेझरचे हेही म्हणून अर्जात विचारायचे.

तिसरा कागद वेगमर्यादेचा. कलम ११२ नुसार राज्य सरकारला एखाद्या रस्त्यावर कमी मर्यादा ठरवता येते. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि रस्त्यावर योग्य ठिकाणी फलकही लागतो. निव्वळ फलक पुरत नाही, निव्वळ अधिसूचनाही पुरत नाही. अपवाद आहे तो महिन्याभराच्या तात्पुरत्या निर्बंधाचा. आमच्या प्रकरणात मर्यादेबद्दल वाद नव्हता. पण बऱ्याच चलानांत खरा वाद इथेच असतो, म्हणून फलकाचा फोटो, तारखेसह, त्याच आठवड्यात काढून ठेवा. महामार्गाच्या काँक्रिटीकरणाच्या दिवसांत रस्ता किती वेळा इकडून तिकडे वळवला होता ते आठवा. कोणता फलक केव्हा कुठे होता, हे सहा महिन्यांनी कोणाच्याही ध्यानात राहत नाही.

चौथा कागद इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा. यासाठी जालन्याची गोष्ट ठाऊक असायला हवी. विधानसभेच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मुद्दा होता उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की अशा चित्रणाच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. आमदारकीच्या वादात जो कागद लागतो तोच टेम्पोवाल्याच्या वादातही लागतो. कलम १४ चा अर्थ त्या रविवारी फळ्यावर लिहिण्यापेक्षा असा समजावला असता तर पोराला लवकर कळला असता.

उत्तर आले ते अर्धे आले. उपकरण लेझरचे. त्याचे प्रमाणपत्र जोडलेले होते आणि ते त्या तारखेला चालू होते. हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण आमच्यातल्या काहींना खात्री होती की प्रमाणपत्र नसणारच. होते. मोजमापाच्या मूळ नोंदीबद्दल मात्र 'उपलब्ध नाही' असे लिहून आले. नेम कशावर होता ते त्या नोंदीतूनच कळले असते.

कोर्टात वकील कोण देणार, हा पुढचा प्रश्न होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. अनुसूचित जाती-जमातीच्या कोणाही व्यक्तीला मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झाला, त्यामुळे धर्मांतरित बौद्धाकडे जातीचा दाखला असेल तर हा हक्क त्यालाही आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, वसईतही आहे. अर्ज साधा आहे. आमच्या वर्गातल्या तीसेक जणांपैकी किती जणांना हे ठाऊक होते? दोघांना. वर्षानुवर्षे चळवळीत असलेल्या आम्हाला याची लाज वाटली.

काही जणांनी विचारले, दोन हजारांसाठी एवढे? चळवळीला दुसरी कामे नाहीत का? त्यांना आम्ही महाड आठवायला सांगतो, पण २० मार्च १९२७ चे नव्हे, त्यानंतरचे महाड. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्यावर कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. बाबासाहेबांनी तो मानला आणि तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला. मग दहा वर्षे दावा चालला. आपल्याला आठवतो तो ओंजळभर पाण्याचा क्षण. त्या दहा वर्षांच्या तारखा, साक्षी, नकला कोणाला आठवत नाहीत. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि तो काय होता? अनादी काळापासूनची वहिवाट आहे असे वादी म्हणत होते, ती वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. 'आम्हाला असे वाटते, असेच चालत आले आहे' एवढे कोर्टाला पुरले नाही. तळे आणि टेम्पो यांची बरोबरी आम्ही करत नाही. म्हणणाऱ्याने सिद्ध करावे, हा आग्रह तोच आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे वेगवानांची वकिली ठरेल. १ जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदना देऊन परत येताना आमच्यातल्या एकाच्या गाडीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चलान लागले. तिथे २०२४ पासून नवी कॅमेरा यंत्रणा आहे. एका ठिकाणचा वेगही टिपते आणि दोन कॅमेऱ्यांमधले अंतर किती वेळात कापले यावरून सरासरीही काढते. सरासरीत हात हलण्याचा प्रश्न नाही, नेमाचा प्रश्न नाही. अंतर भागिले वेळ. घाटात मोटारीला ६० ची मर्यादा आहे आणि आम्ही गाणी लावून, गप्पा मारत, त्याहून बरेच जोरात उतरत होतो. गाडीत पाच जण होतो, पाचही जणांना ते माहीत होते. पैसे वर्गणी काढून भरले. त्यावर एकाने विचारले, "इथे का नाही लढायचं?" कारण इथे आमची चूक होती, आणि मोजणी खरी होती.

आपल्या पालघर जिल्ह्यात वेग हा काही कागदावरचा गुन्हा नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले तेव्हा देशभर बातमी झाली. त्याच महामार्गावर पायी रस्ता ओलांडणारा पाड्यावरचा माणूस, वसई फाट्यावर रात्रपाळी सुटून दुचाकीवर घरी निघालेला कामगार गेला तर चार ओळी येतात, त्याही आल्या तर. अतिवेगाने मरणाऱ्यांत आपली माणसे जास्त, कारण चाकांवर कमी आणि पायांवर जास्त आपणच असतो. म्हणून वेग मोजू नका असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. जुलै २०२५ च्या सुरुवातीला राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानविरुद्ध संप पुकारला तेव्हा त्यांच्या बऱ्याच तक्रारी आम्हाला रास्त वाटल्या, पण जुने दंड सरसकट माफ करा ही मागणी पटली नाही. माफी मागितली की चूक होती हे कबूल केल्यासारखे होते. मोजणी दाखवा म्हणणे वेगळे. त्यात ज्याचे खरे असेल तो भरेल आणि ज्याचे खोटे असेल तो सुटेल.

तिसरे प्रकरण एका विद्यार्थिनीच्या स्कूटरचे. त्या वेळी स्कूटर कॉलेजच्या आवारात उभी होती. फोटोतली गाडी मोटरसायकल, नंबर तोच. म्हणजे कोणीतरी तिच्या नंबरची खोटी पाटी लावून फिरतो आहे. इथे ऑनलाईन तक्रारीचा उपयोग झाला. नोंदणी प्रमाणपत्र, स्वतःच्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो आणि कॉलेजच्या हजेरीची प्रत जोडली, चलान रद्द झाले. पण तेवढ्यावर थांबू नका असे आम्ही तिला सांगितले आणि पोलीस ठाण्यात खोट्या पाटीची लेखी तक्रार द्यायला लावली. उद्या ती मोटरसायकल कोणाला उडवून गेली तर दारात पोलीस हिच्या येतील.

टेम्पोच्या प्रकरणात आतापर्यंत दोन तारखा झाल्या. पहिल्या तारखेला कोणीच आले नाही. दुसऱ्या तारखेला समितीने दिलेल्या वकील ताईंनी मूळ नोंद आणि कलम ६३ चे प्रमाणपत्र मागितले, समोरच्या बाजूने मुदत मागितली, मिळाली. आमच्याकडून वेगनियंत्रकाचे प्रमाणपत्र आणि त्याच्या सीलचा फोटो दाखल केला आहे. टोलनाक्यांच्या फास्टॅगच्या वेळाही काढल्या होत्या. सरासरी ५० च्या आत येते. पण ताईंनी त्या बाजूला ठेवल्या. म्हणाल्या, सरासरी ५० असणारी गाडी मध्येच एक मिनिट ९४ ने जाऊ शकते, समोरचा वकील हेच म्हणेल आणि बरोबर म्हणेल. आम्हाला जरा वाईट वाटले, कारण त्या वेळा काढायला बरीच खटपट झाली होती.

निकाल काय लागेल माहीत नाही. दोन खेपांत पोराचे दोन रोज बुडाले, म्हणजे दंडाएवढे पैसे जवळजवळ गेलेच. हे त्याला आधी सांगितले होते. तिसऱ्या तारखेला टेम्पो बदली चालक चालवील आणि त्याचा रोज वर्ग देईल, असे ठरले आहे. ज्यांच्याकडे अशी चलाने पडून आहेत त्यांनी रविवारी दुपारी फोटोची प्रत आणि नोंदणीचे कागद घेऊन विहारात यावे. आधी एकच प्रश्न विचारू, त्या वेळी खरोखर किती वेगात होतास. उत्तर खरे द्या.

पोराने मागच्या आठवड्यात आरटीओच्या नोंदीत स्वतःचा मोबाईल नंबर चढवून घेतला. तुमचाही तपासा.